रस्त्यावरील नाकें आणि नागरिकाचा हक्क

मोटार हांकणारा मनुष्य मद्य प्यालेला आहे कीं काय, हें पाहण्यासाठीं पोलिसांनीं वाटेंत प्रत्येक गाडी थांबवावी काय? श्रोत्यांस प्रश्न सोपा वाटेल. परंतु अमेरिकेंत तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला.

सन १९८६ मध्यें मिशिगन राज्याच्या पोलिसांनीं सॅगिनॉ परगण्यांत रात्रीं असें एक नाकें उभारलें. सव्वा तासांत १२६ गाड्या तेथून गेल्या. प्रत्येकीचा खोळंबा सरासरी २५ सेकंदांचा. दोन चालकांस बाजूस घेऊन तपासलें, त्यांतील एकास अटक झाली. तिसरा न थांबतांच निघून जात होता, त्यासही टेहळणीवरील अधिकाऱ्यानें पकडलें. एवढ्या खटाटोपाचें फळ काय, तर दोन आरोपी!

कांहीं वाहनचालक नागरिकांनीं दावा लावला. संशयास जागा नसतां वाटसरूस अडविणें ही राज्यघटनेच्या चौथ्या दुरुस्तीनें निषिद्ध मानलेली अवाजवी अटकावणी होय, असें त्यांचें म्हणणें. ता. १४ जून १९९० रोजीं सरन्यायाधीश रेनक्विस्ट यांनीं सहा विरुद्ध तीन मतांनीं निकाल दिला. अडविणें ही अटकावणी खरीच, परंतु खोळंबा क्षुल्लक आणि अनर्थ मोठा. म्हणून ती वाजवी ठरते. न्यायमूर्ति स्टीव्हन्स यांस हें पटलें नाहीं. रात्रीं अवचित अडविलें जाण्यांत निरपराध्यासही धास्ती वाटते, आणि रस्त्याची सुरक्षितता तर त्यानें फारशी वाढत नाहीं, असें त्यांनीं बजावलें.

दोन्ही पक्ष पकडलेल्यांची डोकीं मोजीत बसले, हें कांहींसें विचित्रच. नाक्याचें खरें काम धाक घालण्याचें. त्या धाकानें जो गाडी घरींच ठेवून मेजवानीस गेला, त्याची नोंद कोणत्या वहींत होणार? ऑस्ट्रेलियांतील न्यू साउथ वेल्स प्रांतानें १९८२ च्या डिसेंबरांत वाटेल त्या चालकाचा श्वास तपासण्यास आरंभ केला, तो याच हिशेबानें.

मिशिगनमध्यें मात्र १९९३ सालीं तेथील वरिष्ठ न्यायालयानें राज्याच्या स्वतःच्या घटनेचा आधार घेऊन अशीं नाकीं अवैध ठरविलीं. ज्या राज्यानें दावा जिंकला, तेंच त्या विजयास मुकलें.

आपल्याकडील १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानें १०० मिलिलिटर रक्तांत ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क असणें हा गुन्हा ठरविला आहे. परंतु श्वास मागण्यापूर्वीं गणवेशांतील पोलिसास संशयास वाजवी कारण असावें लागतें. आणि तें बहुधा खिडकीची कांच खालीं येतांच दर्पावरून मिळतें.