एका वाफ्यापासून

अम्मीच्या इंतकालानंतर घरामागची दोन गुंठे जागा तीन पावसाळे पडून राहिली. अम्मी होती तेव्हा तिथे मेथी, कोथिंबीर, वांगी असायची. आता कमरेएवढे गाजरगवत माजले होते. भाईजान म्हणाले, "सापकिरडू निघेल. फरशी टाकून घेऊ." मी ईदपर्यंतची मुदत मागून घेतली.

वर्गात मुलांना मुळांचे प्रकार शिकवते, पण हातात खुरपे कधी धरले नव्हते. पावसाळा संपल्यावर एका रविवारी उत्साहाने उघड्या हातांनीच गाजरगवत उपटत सुटले. रात्री हात आणि मान खाजून लाल झाली. डॉक्टरांनी सांगितले, हा त्या गवताचाच प्रताप. १९५५ च्या सुमारास पुण्यात पहिल्यांदा नजरेस आलेली ही परदेशी वनस्पती आज देशभर पसरली आहे. एकेका झाडाला हजारो बिया येतात. म्हणून ते फुलावर येण्याआधी, हातमोजे घालून आणि तोंडाला रुमाल बांधून, मुळासकट काढायचे. मी काढले ते फुललेले. उपटताना बी सगळीकडे सांडले.

दुसरी चूक याहून मोठी. छोटा ट्रॅक्टर बोलावून रोटाव्हेटर मारून घेतला. जमीन कशी लोण्यासारखी दिसली! पंधरा दिवसांत पाहते तो लव्हाळा पहिल्यापेक्षा दाट. शेजारचे आबा जन्मभर कांदा पिकवणारे. कुंपणापलीकडून हसले, "मॅडम, तुम्ही तर लव्हाळ्याची लागवडच केली!"

मग त्यांनी समजावले. लव्हाळ्याच्या मुळांना जमिनीखाली गाठी असतात. त्या एकमेकींना जोडलेल्या असतात. यंत्राने त्या तुटतात, विखुरतात आणि प्रत्येक गाठ नवे रोप होते. हराळीचेही तसेच, कांडीचा तुकडा राहिला तरी पुन्हा फुटते. आबा म्हणाले, "सगळ्या रानाशी एकदम भांडू नका. खाटेएवढा एक वाफा धरा. तो जिंकला की दुसरा."

तसेच केले. कुदळीने वाफा खणला, ओल असताना गाठी वेचून टोपलीत घेतल्या आणि फरशीवर कडक उन्हात वाळवल्या. पाणी देऊन आठ दिवस थांबले. जे कोंब वर आले ते पुन्हा गाठीसकट काढले. असे तीन वेळा. बाकीच्या जागेतले गवत फक्त विळ्याने कापत राहिले, बी धरू दिले नाही. बी न आलेला पाला खताच्या खड्ड्यात टाकला. लव्हाळ्याच्या गाठी मात्र त्यात चुकूनही टाकायच्या नाहीत. आमच्या देवळ्याकडे पाऊस कमी, पाण्याची किंमत सर्वांना ठाऊक. घरातल्या वुजूचे पाणी बादलीत साठवून वाफ्याला दिले. त्यात साबण नसतो, भाजीला चालते.

महिन्याभरात मेथीची पहिली जुडी निघाली. ती आबांच्या घरी दिली. गवत काढता काढता भिंतीजवळ अम्मीचा कढीपत्ता सापडला. वाळला आहे असे वाटले होते, पण बुंध्याशी दोन हिरवे फुटवे होते. त्या दिवशी मी खुरपे ठेवून बराच वेळ तिथेच बसले.

रमजानपर्यंत चारच वाफे तयार झाले. टोमॅटो पिकू लागले तर पोपटांनी आमच्याआधी चाखले. मुले चिडली. त्यांना प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांची शिकवण सांगितली. मुसलमानाने लावलेल्या झाडाचे किंवा पेरलेल्या पिकाचे माणसाने, पाखराने, जनावराने खाल्ले तर तोही त्याच्या खाती सदकाच. धाकटीने लगेच विचारले, "मग कढीपत्त्याचा सवाब दादीला मिळतो?" इन्शाअल्लाह, मिळत असेल.

ईदला भाईजान आले. मागे जाऊन वाफे पाहिले. अर्ध्याहून जास्त जागेत अजून गवतच होते. काही बोलले नाहीत. निघताना भाभींनी पिशवीत कोथिंबीर घेतली आणि भाईजानांनी कढीपत्त्याची एक डहाळी. दारात म्हणाले, "फरशीचं पुढच्या ईदला बघू."

दुसऱ्या दिवशी मी पाचवा वाफा खणायला घेतला.