पार्श्वभूमी धूसर करणारी लेन्स: घेताना काय तपासायचं, विकताना काय सांगायचं?

समजा, तुम्ही मुलुंडला राहता. वाढदिवस, बारसं, हळदी अशा घरगुती कार्यक्रमांचे फोटो काढून थोडे पैसे जमवले आहेत आणि आता कॅमेऱ्यासोबत आलेल्या लेन्सच्या पुढे जायचं आहे. फोनवर सेकंड हँड लेन्सच्या जाहिराती बघायला लागलात की प्रत्येकीत एकच शब्द दिसतो: 'क्रीमी बोके'. अंधेरीचा विक्रेता तेच म्हणतो, बोरिवलीचाही तेच. मग दोन लेन्सच्या किमतीत दुप्पट-तिप्पट फरक का? आणि 'क्रीमी' आहे की नाही, हे ठरवायचं कसं?

बोके म्हणजे काय?

मराठीत बोके म्हटलं की मांजरंच आठवतात. पण हा शब्द जपानी आहे. 'बोके' म्हणजे धूसरपणा. अमेरिकेतल्या 'फोटो टेक्निक्स' मासिकाचे संपादक माइक जॉन्स्टन यांनी 1997मध्ये या विषयावर लेख छापले. इंग्रजी वाचकांनी उच्चार चुकवू नये म्हणून त्यांनी शब्दाच्या शेवटी 'एच' जोडला, आणि तेच स्पेलिंग जगभर रूढ झालं.

इथे दोन गोष्टींची गल्लत होते. पार्श्वभूमी *किती* धूसर झाली ही एक गोष्ट, आणि ती धूसरता *कशी* दिसते ही दुसरी. पहिली गणिताने काढता येते. दुसरी डोळ्यांनीच बघावी लागते. लेन्सच्या खोक्यावर तिचा आकडा कुठेही छापलेला नसतो.

किती धूसर होईल, याचा सोपा हिशेब

लेन्सच्या फोकल लेंथला एफ-नंबरने भागा. जे उत्तर येईल तो लेन्सच्या 'तोंडाचा' व्यास, म्हणजे प्रकाश जिथून आत येतो त्या छिद्राची रुंदी.

- किट लेन्स, 55 मिमी, एफ 5.6: सुमारे 10 मिमी
- 50 मिमी, एफ 1.8: सुमारे 28 मिमी
- 85 मिमी, एफ 1.8: सुमारे 47 मिमी
- 70-200 झूम, 200 मिमीवर, एफ 2.8: सुमारे 71 मिमी

आता यातली गंमत बघा. खूप लांबचा एखादा दिवा धूसर होऊन गोल ठिपका बनतो. माणसाच्या चेहऱ्याशेजारी पट्टी धरून मोजल्यासारखा तो ठिपका मोजला, तर त्याचा व्यास बरोबर या आकड्याइतका भरतो. माणसाचा चेहरा साधारण 140-150 मिमी रुंद असतो. म्हणजे 50 मिमीच्या लेन्सने मागचा दिवा चेहऱ्याच्या पाचव्या हिश्श्याएवढा दिसेल, 85ने तिसऱ्या हिश्श्याएवढा आणि 200 मिमीने जवळजवळ अर्ध्या चेहऱ्याएवढा. किट लेन्सने तो टिकलीपेक्षा थोडाच मोठा. फोनच्या मुख्य कॅमेऱ्याचं तोंड तर तीन-चार मिलिमीटरचंच असतं. म्हणूनच 'पोर्ट्रेट मोड' पार्श्वभूमी सॉफ्टवेअरने धूसर करतो, आणि मोकळे केस किंवा गजरा आला की त्याची कड चुकते.

पण हा हिशेब मागे मोकळी जागा असेल तरच लागू पडतो. उपनगरात ती कुठे असते? सोसायटीच्या भिंतीपुढे एक फुटावर माणूस उभा केला आणि दोन मीटरवरून 50 मिमीने फोटो काढला, तर 28 मिमीचा ठिपका साडेतीन मिमीवर येतो. तीच फ्रेम 200 मिमीने घ्यायची तर आठ मीटर मागे जावं लागेल, आणि ठिपका तीन मिमीपेक्षाही लहान होईल! लाखाच्या वरची लेन्स या जागी दहा-वीस हजारांच्या लेन्सपुढे हरते. त्यामुळे पैसे खर्च करण्याआधी माणसाला भिंतीपासून पुढे आणून बघा. माणूस दोन मीटरवर आणि भिंत त्याच्याही मागे दोन मीटर असेल, तर 50 मिमीचा ठिपका एकदम 14 मिमीचा होतो. हा बदल फुकट आहे.

कशी धूसर दिसते, ते कसं बघायचं?

रात्री गाड्यांचे दिवे दिसतील अशी जागा शोधा. मुलुंड-घाटकोपरकरांना एलबीएस मार्ग आहे, अंधेरी-बोरिवलीकरांना पश्चिम द्रुतगती मार्ग. लेन्स पूर्ण उघडा, फोकस जवळ आणा आणि मागच्या दिव्यांचे ठिपके नीट बघा.

*कड:* ठिपक्याची कड उजळ, बांगडीसारखी असेल तर पार्श्वभूमी गजबजलेली दिसते. कड विरघळत गेली तर मऊ दिसते. हा फरक लेन्समधल्या गोलीय दोषाची दुरुस्ती किती आणि कशी केली आहे, यावरून पडतो.

*कोपरे:* फ्रेमच्या टोकाला ठिपके मांजराच्या डोळ्यासारखे चपटे होतात (शेवटी बोके आलेच!). थोडं चपटं होणं स्वाभाविक आहे. मात्र चारही कोपऱ्यांत ते सारखंच हवं. एकाच बाजूला वेगळं दिसलं, तर आतली काच सरकलेली असू शकते. लेन्स कधी पडली होती का, हे विचारा.

*पाती:* आता एफ 4वर घ्या. कॅननच्या जुन्या ईएफ 50 मिमी एफ 1.8 टू लेन्समध्ये पाच सरळ पाती आहेत, त्यामुळे ठिपके पंचकोनी होतात. 2015मध्ये आलेल्या एसटीएम आवृत्तीत सात गोलसर पाती आहेत, त्यामुळे ठिपके बरेच गोल राहतात. जाहिरातीत दोन्हींना 'फिफ्टी एमएम' म्हणतात. नाव पूर्ण वाचा.

*आतला भाग:* ठिपक्यात कांद्याच्या चकतीसारखी वर्तुळं दिसली तर ती बहुधा साच्यात घडवलेल्या अगोलीय काचेमुळे असतात. तो बिघाड नव्हे, स्वभाव आहे.

दिवसा दुसरी परीक्षा घ्या. समोरच्या इमारतीची खिडकीची ग्रिल किंवा केबलच्या तारा मागे ठेवून फोटो काढा. काही लेन्स एका गजाचे दोन गज करतात. जपानीत याला 'दोन रेघांचा बोके' म्हणतात. बोरिवलीच्या नॅशनल पार्कात पानं आणि फांद्या मागे ठेवून फोटो काढणाऱ्याला हा दोष सगळ्यात जास्त छळतो.

ठिपका बुरशीही दाखवतो

मुंबईच्या पावसाळ्यात लेन्सचा खरा शत्रू बुरशी. विक्रेत्याने काच पुसून चकचकीत केली तरी आतली बुरशी जात नाही. पण धूसर ठिपका म्हणजे एका अर्थी लेन्सच्या तोंडाचीच प्रतिमा. त्यामुळे काचेवरची धूळ, ओरखडा, बुरशीचे धागे ठिपक्यात बारीक नक्षीसारखे उमटतात. एका दिव्याचा एक फोटो पुरतो. जोडीला मोबाइलचा टॉर्च लेन्सच्या मागून मारून पुढून तिरकं बघा.

धुळीचे दोन-चार कण प्रत्येक जुन्या लेन्समध्ये असतात. त्यावरून घासाघीस करण्यात अर्थ नाही. बुरशी मात्र वेगळी. ती काचेवरचं कोटिंग खाते आणि साफ केल्यावरही डाग राहू शकतो.

विकताना काय करावं?

आता बाजू बदला. तुमची लेन्स विकायची आहे. 'क्रीमी' लिहून भाव वाढत नाही, कारण तो शब्द सगळेच लिहितात. त्याऐवजी चार फोटो टाका: पूर्ण उघड्या ॲपर्चरवर माणूस, त्याच जागेवरून एफ 4वर, रात्रीच्या दिव्यांचे ठिपके, आणि टॉर्च मारलेल्या काचेचा. बिल, खोकं आणि सिरियल नंबर तयार ठेवा. दोष असेल तर आधीच सांगा. भेटल्यावर तो सापडला, तर ग्राहक सगळ्याच गोष्टींवर शंका घेतो आणि भाव तिथेच पडतो.

गिऱ्हाईकही ओळखा. अंधेरीत मालिका आणि ऑडिशनच्या जगात पोर्टफोलिओ काढणाऱ्याला 85 मिमी हवी असते. फिरकी घेतलेल्या पार्श्वभूमीची जुनी रशियन हेलिओस 44-2 म्युझिक व्हिडिओ करणाऱ्याला आवडते. लग्नातले ग्रुप फोटो काढणाऱ्याला ती अडचणच.

घेणाऱ्याने आपला कॅमेरा सोबत न्यावा. पूर्व-पश्चिम व्यवहार असेल तर घाटकोपर किंवा अंधेरी मेट्रो स्टेशनबाहेर, दिवेलागणीच्या वेळी भेटा. दिवेही मिळतात आणि वर्दळही असते. फोर्टातल्या बोरा बाजारात जाणार असाल, तर दुकानाच्या पांढऱ्या ट्यूबलाइटखाली समाधान मानू नका. परवानगी घेऊन दारात या आणि रस्त्याकडे तोंड करून दोन फोटो काढा.

आणि पैसे देण्यापूर्वी आपलेच शेवटचे पन्नास फोटो चाळा. त्यातले बहुतेक दहा बाय दहाच्या खोलीत, भिंतीला टेकून बसलेल्या माणसांचे असतील, तर मोठ्या ॲपर्चरचा उपयोग कमी उजेडात होईल, धूसरतेसाठी फारसा नाही. अशा वेळी 50 मिमी घ्या आणि उरलेल्या पैशांत सिलिका जेल व हवाबंद डबा. जूनमध्ये पाऊस सुरू झाला की तीच खरेदी जास्त कामाला येईल.