कुशनला लागल्यावर पांढरा कुठे जातो?

येण्याचा कोन आणि परतण्याचा कोन सारखा, हा शाळेतला नियम पूलच्या टेबलावर अंदाजापुरताच चालतो. प्रकाशाचा किरण स्वतःभोवती फिरत येत नाही, बॉल येतो. रबराला लागला की त्या फिरकीचा हिशेब घर्षण तिथल्या तिथे चुकता करतं.

साइड टिकते, स्क्रू मरतो

क्यू मध्याच्या उजवीकडे लागला तर उजवी साइड, डावीकडे लागला तर डावी. बॉलचा व्यास 57.15 मिमी. मध्यापासून साधारण 14 मिमीच्या पलीकडे गेलात की टिप घसरते, चॉक कितीही घासा.

कापडावर या साइडचा परिणाम फारसा दिसत नाही. बॉल उभ्या अक्षाभोवती भोवऱ्यासारखा फिरत असतो आणि कापडाला टेकतो तो ठिपक्याएवढाच, त्यामुळे ती फिरकी बराच वेळ जिवंत राहते. स्क्रूचं, म्हणजे उलट्या फिरकीचं, तसं नाही. उलटा फिरणारा बॉल काही अंतर घासत जातो आणि मग मुकाट्याने पुढे गडगडू लागतो. लांबच्या कुशनपर्यंत स्क्रू पोचवायचा तर फटक्यात दम लागतो. साइड मात्र हळू फटक्यातही बऱ्यापैकी पोचते. म्हणून कुशनवरचा खेळ मुख्यतः साइडचा. सरळ पॉट समोर असताना उगाच साइड देणाऱ्यांना तिचा उपयोग काय, हे विचारायला हवं.

रबर काय करतं

समोरच्या कुशनवर काटकोनात मारा, उजवी साइड देऊन. वरून पाहिलं तर बॉल घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतोय. त्याचा पुढचा भाग, म्हणजे रबराला टेकणारा, त्या क्षणी डावीकडे सरकत असतो. रबर त्याला अडवतं, म्हणजेच बॉलला उजवीकडे ढकलतं. बॉल तुमच्या उजव्या हाताला निघतो. ज्या हाताची साइड, त्या हाताला बॉल. काटकोनात एवढं पुरतं.

रनिंग आणि चेक

फटका तिरका असला की प्रश्न बदलतो: कुशनवरून बॉल कोणत्या हाताला वळणार? त्याच हाताची साइड म्हणजे रनिंग, उलट हाताची म्हणजे चेक. टेबलाच्या वरच्या टोकाकडे निघालेला बॉल उजव्या कुशनला लागून डावीकडे वळतो, तेव्हा तिथे डावी साइड रनिंग. कोन उघडतो, बॉल कुशनच्या कडेकडेने अधिक पुढे जातो आणि वेगही फारसा गमावत नाही. चेक साइडने तोच बॉल ताठ बाहेर येतो आणि मरगळतो. साइड भरपूर आणि कोन लहान असेल तर तो आल्या बाजूला मागेही येतो. पांढऱ्याला एखाद्या बॉलच्या मागे जाऊ द्यायचं नसेल तेव्हा चेकसारखं हत्यार नाही.

साइड न देता मारलेला बॉलही तिरका लागला तर कुशनवरून थोडी रनिंग साइड घेऊनच निघतो. ती रबराच्या घर्षणाने दिलेली असते.

दुसरी कुशन

इथे नवखे फसतात. डाव्या साइडने उजव्या कुशनवरून वरच्या कुशनवर गेलेला बॉल तिथेही डावीकडेच वळतो, म्हणजे साइड रनिंगच राहते. टेबलाला वळसा घालणारे तीन कुशनचे फटके याच जोरावर जमतात. पण तोच बॉल समोरच्या डाव्या कुशनवर आधी पोचला तर तिथे तो उजवीकडे वळणार, आणि बॉलवर उरलेली डावी साइड तिथे चेक ठरते. फिरकी तीच, कुशन बदलली.

वेगाचा भाग

हळू गडगडत आलेला बॉल परत फिरला तरी त्याचं पुढचं गडगडणं लगेच थांबत नाही. ते त्याला पुन्हा कुशनकडे ओढत राहतं. त्यामुळे बाहेर पडल्यावर त्याची वाट किंचित वाकते आणि कोन उघडतो. जोरात मारलेला बॉल अनेकदा घासतच कुशनला पोचतो, रबरही जास्त दबतं, आणि तो अपेक्षेपेक्षा ताठ येतो. बँक शॉट जोरात मारून चुकवणारे बहुतेक जण नेमबाजीला दोष देतात, वेगाला नाही.

नेम कुठे धरायचा

आणखी एक अडचण आहे. उजव्या साइडने मारलेला बॉल क्यूवरून किंचित डावीकडे सुटतो, म्हणजे कुशनवर तो तुम्ही पाहिलेल्या जागी पोचतच नाही. क्यूचं मागचं टोक उचललेलं असेल तर वाटेत तो पुन्हा उजवीकडे वळतो. या साऱ्याचं गणित कोरिओलिस या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1835 मध्ये पुस्तकरूपाने मांडलं. ज्याच्या नावाचं बल आपण हवामानाच्या धड्यात वाचतो, तोच हा.

गणितापेक्षा टेबलाला विचारणं सोपं. 9 फुटी टेबलावर कुशनवरच्या खुणा 12.5 इंचांच्या अंतरावर असतात. एका खुणेसमोरून पलीकडच्या कुशनवर काटकोनात, बेताच्या वेगाने मारा. एकदा उजव्या साइडने, एकदा डाव्या. परतताना बॉल किती खुणा सरकला ते पाहा. दोन्ही बाजूंचा फरक मोठा असेल तर टेबलाला नावं ठेवण्याआधी तुमची टिप खरोखर मध्यापासून सारख्याच अंतरावर लागतेय का, ते तपासा.