‘दाताची कीड’ : एका शब्दामागील गैरसमज

‘दाताला कीड लागली’ हा प्रयोग आज रूपकात्मक वाटतो. मुळात तो तसा नव्हता. सुश्रुतसंहितेत ‘कृमिदंतक’ हा दंतरोग सांगितला आहे. बाबिलोनी मंत्रातही दातातील किडा आढळतो. युरोपात खुरासनी ओव्याच्या बियांची धुरी देऊन, तंतुवाद्याच्या तारांचे तुकडे पाण्यात टाकून, ‘किडे’ निघाले असे दाखविणारे भोंदू असत. त्यांचे बिंग जॉन जेरार्ड याने १५९७ मध्येच फोडले. फ्रेंच दंतवैद्य प्येर फोशार याने १७२८ मधील आपल्या ग्रंथात ही कल्पना नाकारली.

खरे कारण डब्ल्यू. डी. मिलर याने १८९० साली मांडले : मुखातील सूक्ष्मजंतू शर्करादी पदार्थांपासून आम्ल निर्माण करतात आणि त्या आम्लाने दंतवल्क विरघळते. शब्द मात्र तसाच राहिला, आणि तो निरुपद्रवी नव्हे. कीड म्हटली की ती मारावयाची, एवढेच सुचते. वारंवार गोड खाण्याकडे लक्ष जात नाही. मग लवंग आणि मिशरी यांवर भिस्त. लवंगेच्या तेलाने ठणका काही काळ शमतो, पण पडलेला खळगा भरून येत नाही. मिशरी तर भाजलेली तंबाखूच. तिने दात बळकट होतात हा समज निराधार असून, हिरड्यांचे विकार आणि मुखाचा कर्करोग यांचा धोका मात्र वाढतो.