रोजच्या साठ किलोमीटरसाठी जुनी मोटारसायकल: गैरसमज आणि वस्तुस्थिती

नाशिकहून सिन्नरच्या एमआयडीसीत, नागपूरहून बुटीबोरीला, पुण्याहून चाकण किंवा रांजणगावला रोज दुचाकीवर जाणारी माणसं पुष्कळ आहेत. शिफ्टच्या वेळेला एसटी मिळत नाही, कंपनीची बस आपल्या वस्तीपर्यंत येत नाही आणि नोकरी कंत्राटी असल्यामुळे नव्या गाडीच्या हप्त्याची हिंमत होत नाही. मग जुनी गाडी बघितली जाते आणि ती बघताना तीन प्रश्न हटकून विचारले जातात: किती पळाली, ॲव्हरेज किती आणि कितवा हात? हे प्रश्न निरर्थक नाहीत, पण आठवड्यातून दोनदा बाजारात जाणाऱ्यासाठी ते जेवढे पुरतात तेवढे रोज साठ किलोमीटर कापणाऱ्याला पुरत नाहीत. त्याने गाडीची किंमत न बघता पुढच्या तीन वर्षांचा खर्च बघायला हवा, आणि मीटरचा आकडा न बघता ती गाडी कशी राखली गेली ते बघायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

आधी हिशेब मांडू. रोज ६० किलोमीटर आणि महिन्याला २६ दिवस धरले, तर महिन्याचे १,५६० किलोमीटर होतात आणि तीन वर्षांचे सुमारे ५६,०००. गाडी लिटरला ६० किलोमीटर देत असेल तर महिन्याला २६ लिटर पेट्रोल लागतं. लिटरला १०५ रुपये धरले तर तीन वर्षांत सुमारे ९८,००० रुपये नुसत्या पेट्रोलला जातात. म्हणजे ४५-५० हजारांना घेतलेल्या गाडीच्या जवळपास दुप्पट रक्कम पंपावर जाते. त्यावर टायर, चेन-स्प्रॉकेट, ब्रेक शू, ऑइल, क्लच प्लेट आणि विमा आहेच. घासाघीस करून पाच हजार कमी केले म्हणजे सौदा स्वस्तात पडला असं वाटतं. पण त्याच गाडीचे टायर गुळगुळीत असले, चेन ताणलेली असली आणि बॅटरी मरायला टेकलेली असली, तर ते पाच हजार पहिल्याच महिन्यात पुन्हा खिशातून जातात. शिवाय गाडी गॅरेजमध्ये असेल त्या दिवसाची हजेरी बुडते, हा खर्च तर सौद्यात कुणी धरतच नाही.

पेट्रोलच एवढं महाग पडत असेल तर सर्वांत जास्त ॲव्हरेज देणारी १०० सीसीची गाडीच घ्यावी, असं यावर कुणीही म्हणेल. इथे आकड्यांची एक गंमत लक्षात घ्यावी लागते. लिटरला ४० ऐवजी ४५ किलोमीटर मिळाले तर महिन्याला ४.३ लिटर वाचतात. ६० ऐवजी ६५ मिळाले तर वाचतात फक्त दोन लिटर, म्हणजे साधारण २१० रुपये. वाढ तेवढीच, पाच किलोमीटरची, पण आधीच चांगलं ॲव्हरेज असलेल्या गाडीत तिचा फायदा निम्म्याहूनही कमी होतो. म्हणून ४५ देणारी दीडशे सीसीची गाडी आणि ६० देणारी सव्वाशे सीसीची गाडी यांतला फरक मोठा आहे, महिन्याला सुमारे नऊशे रुपयांचा. पण सव्वाशे आणि शंभर सीसीतला फरक त्या मानाने किरकोळ आहे. त्यातही कंपनी सांगते ते ॲव्हरेज ठरावीक चाचणीतलं असतं. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे ताशी ५० वरून ७० वर गेलं की तो जवळजवळ दुप्पट होतो. महामार्गावर ट्रकच्या मागे रेंगाळणं धोक्याचं असतं म्हणून माणूस ७० ने चालवतो, आणि तिथे जेमतेम आठ हॉर्सपॉवरचं, चार गिअरचं इंजिन सतत ताणलेलं राहतं. इंजिनला श्वास घ्यायला जागा उरत नाही, हँडल आणि फूटरेस्ट थरथरतात आणि ॲव्हरेजही खाली येतं.

म्हणजे स्प्लेंडर किंवा प्लॅटिना वाईट, असं मुळीच नाही. ज्यांचा रस्ता शहरातून जातो आणि वेग ५०-५५ च्या वर जात नाही, त्यांना ९७ किंवा १०२ सीसीच्या या गाड्या आजही उत्तम आहेत, आणि त्यांचे सुटे भाग तालुक्याच्या गावातही मिळतात. पण निम्म्याहून अधिक वाट महामार्गाची असेल तर सव्वाशे सीसीची गाडी, शक्यतो पाच गिअरची, बघावी. होंडाच्या शाइनला पाचवा गिअर २०२० साली बीएस-६ या प्रदूषण मानकासोबत आला; एसपी १२५ आणि पल्सर १२५ यांनाही पाच गिअर आहेत. दीडशेच्या वर जाण्याआधी विम्याचाही एक टप्पा ध्यानात ठेवावा. जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांनुसार ७५ ते १५० सीसीच्या दुचाकीचा थर्ड पार्टी हप्ता वर्षाला ७१४ रुपये अधिक कर असा आहे. १५० च्या वर ३५० पर्यंत तोच १,३६६ रुपये होतो. जुनी १४९ सीसीची युनिकॉर्न खालच्या टप्प्यात बसते आणि २०२० नंतरची १६२ सीसीची वरच्या, हे घेणाऱ्याच्या गावीही नसतं.

आता मीटरकडे येऊ, कारण सगळ्यात जास्त फसगत इथे होते. कमी पळालेली गाडी म्हणजे चांगली गाडी, ही समजूत इतकी घट्ट आहे की विकणारे तिच्यावरच दर ठरवतात. सहा वर्षांत १२,००० किलोमीटर पळालेली गाडी म्हणजे दिवसाला सरासरी पाच-साडेपाच किलोमीटर. एवढ्याशा फेरीत इंजिन नीट तापत नाही. आत साचलेली वाफ उडून जात नाही आणि न जळलेल्या पेट्रोलचा अंशही ऑइलमध्ये उतरतो. ‘गाडी पळालीच नाही’ म्हणून ऑइलही वर्षानुवर्षं बदललेलं नसतं. महिनोन्महिने उभ्या गाडीच्या टाकीत आतून गंज धरतो, आणि पेट्रोलमधलं इथेनॉल ओलावा ओढून घेत असल्याने अलीकडे हा त्रास वाढला आहे. कार्ब्युरेटरमध्ये चिकटा बसतो, रबरी सील कडक होतात, टायरला न झिजताच तडे जातात. अशी गाडी एकदम महिन्याला दीड हजार किलोमीटर पळवली की शॉकअबची सील गळू लागते, ऑइल पाझरतं आणि कार्ब्युरेटर पुन्हा पुन्हा उघडावा लागतो.

याउलट चार वर्षांत ४५,००० किलोमीटर पळालेली गाडी बहुधा आपल्यासारख्याच रोज कामाला जाणाऱ्या माणसाची असते. ती लांब, एकसारख्या वेगाने आणि पूर्ण तापून चाललेली असते. तिच्या सर्व्हिसिंगच्या पावत्या असतील तर मी ती आधी बघेन. आधीच ४५,००० झाले, त्यात आपले ५६,००० मिळवले की लाखाच्या पुढे जाते, मग इंजिनचं काम निघणारच, हा आक्षेप रास्त आहे. मधल्या काळात क्लच प्लेट बदलावी लागेल, कदाचित पिस्टन-रिंगही. म्हणूनच हा खर्च आधीच धरून किंमत ठरवावी. वेळेवर ऑइल मिळालेलं छोटं फोर-स्ट्रोक इंजिन एवढी मजल गाठतं. ऑइलविना चाललेलं इंजिन त्याच्या निम्म्यावरही थकतं, मग मीटर काहीही दाखवो.

आणि मीटर काहीही दाखवू शकतो. काट्याचा मीटर मागे फिरवता येतो, डिजिटल आकडाही बदलता येतो. म्हणून साक्ष इतर भागांची घ्यावी. फूटरेस्टचं रबर, ब्रेक पेडलची कड, हँडलच्या ग्रिप आणि डिस्कच्या काठावर चढलेली कडा बघावी. मागच्या स्प्रॉकेटचे दात टोकदार होऊन एका अंगाला झुकले असतील तर तो सेट भरपूर चालला आहे. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. २०१९ च्या गाडीला २०१९ चेच टायर असतील आणि मीटर १०,००० दाखवत असेल तर ते जुळतं. पण दोन्ही टायर एकदा बदलून झालेले असतील आणि मीटर तेवढंच दाखवत असेल तर खुलासा मागायला हवा.

‘सिंगल हँड’ आणि ‘इंजिन उघडलेलं नाही’ या दोन दाव्यांचंही तसंच. एकाच मालकाने सहा वर्षं दुर्लक्ष केलेली गाडी ही सिंगल हँडच असते. उघडलेलं इंजिन म्हणजे खराब इंजिन, हेही चूक. नीट गॅरेजमध्ये, बिलासकट झालेलं पिस्टन-रिंगचं काम ही उलट जमेची बाजू धरावी. खरी परीक्षा गार इंजिनची. गाडी बघायला सकाळी जावं आणि आधीच चालू करून ठेवू नका असं सांगून ठेवावं. पोहोचल्यावर इंजिन कोमट लागलं तर परत यावं आणि दुसऱ्या दिवशी जावं. गार इंजिन पहिल्या-दुसऱ्या प्रयत्नात चालू व्हायला हवं. थंडीत सुरुवातीला पांढरी वाफ दिसली तर काळजी नाही, पण निळसर धूर सतत येत राहिला तर इंजिन ऑइल खातं आहे. मग रस्त्यावर हँडल सैल धरून गाडी एका बाजूला ओढते का, हँडलचा कोनसेट अडखळतो का, हे बघावं. चेसिसवर वेल्डिंगची खूण किंवा खाडाखोड केलेला चेसिस नंबर दिसला तर किंमत कितीही उतरली तरी ती गाडी सोडून द्यावी.

बीएस-४ आणि बीएस-६ बद्दल दोन परस्परविरोधी भीती ऐकू येतात. एक म्हणते, जुन्या गाड्या बंद होणार. दुसरी म्हणते, फ्युएल इंजेक्शनची गाडी बिघडली की कुणालाच दुरुस्त करता येत नाही. पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवरची बंदी दिल्ली परिसरासाठीची आहे. महाराष्ट्रात खासगी दुचाकीचं पासिंग पंधरा वर्षं चालतं, त्यानंतर तपासणी, शुल्क आणि पर्यावरण कर भरून पाच वर्षांसाठी रिपासिंग होतं. म्हणून वय बघावं ते आपल्या तीन वर्षांच्या मुदतीत हा खर्च येतो का, यासाठी. इंजेक्शनच्या गाडीला बॅटरी मात्र सुदृढ लागते, कारण पंप आणि सेन्सर तिच्यावर चालतात. पण थंड सकाळी चोक न ओढता चालू होणं आणि पावसाळ्यात एकसारखं चालणं हा तिचा गुण लांबच्या रोजच्या प्रवासात खरोखर उपयोगी पडतो. एप्रिल २०२० नंतरची, म्हणजे बीएस-६ ची गाडी बजेटात बसत असेल तर मी तीच सुचवेन. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या प्रत्येक नव्या गाडीला एबीएस आणि त्याखालच्यांना किमान सीबीएस बंधनकारक झालं, हेही अलीकडच्या सालची गाडी निवडण्याचं मोठं कारण आहे. अलॉय व्हील दिसलं की टायर ट्यूबलेसच असेल असं मात्र धरू नये. बऱ्याच जुन्या गाड्यांना अलॉयमध्ये ट्यूब आहे, आणि रात्रपाळीहून परतताना पंक्चर झाल्यावर हा फरक फार महागात पडतो.

दराबाबत एक ताजी गोष्ट. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, म्हणजे नवी गाडी कारखान्याच्या त्याच दरात सुमारे आठ टक्क्यांनी स्वस्त झाली. जुनी गाडी विकणारा अजूनही त्याने मोजलेली ऑन-रोड किंमत सांगतो. तुलना आजच्या नव्या गाडीच्या किमतीशी करावी.

शेवटी कागद, आणि इथला गैरसमज सर्वांत धोक्याचा आहे: टीटी फॉर्मवर, म्हणजे हस्तांतराच्या अर्जावर सही मिळाली, आरसी हातात आली, म्हणजे गाडी आपली झाली. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० नुसार राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत हस्तांतर कळवायचं असतं; फॉर्म २९ आणि ३० त्यासाठीच असतात. थर्ड पार्टी विमा कायद्याने नव्या मालकाकडे गेला असं धरलं जातं, पण गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा पॉलिसीवर नाव बदलल्याशिवाय मिळवणं अवघड जातं. सप्टेंबर २०१८ नंतरच्या गाडीला ‘पाच वर्षांचा विमा आहे’ असं सांगतात तेव्हा तो बहुतेक वेळा फक्त थर्ड पार्टीचा असतो, चोरीचा नाही. विकणाऱ्यालाही हे समजावून सांगावं: सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट केलं की अपघाताच्या भरपाईची जबाबदारी आरसीवर ज्याचं नाव आहे त्याच्यावर येते, मग गाडी मधल्या काळात कितीही हातांत गेलेली असो. त्यामुळे नाव बदलण्याची घाई दोघांनाही असायला हवी. गाडीचा नंबर टाकून एमपरिवहन ॲपवर थकीत चलन आणि बँकेचा बोजा दोन्ही बघता येतात. बोजा असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ हातात येईपर्यंत पूर्ण रक्कम देऊ नये, आणि हस्तांतराचा अर्ज सौद्याच्याच दिवशी दोघांनी एकत्र बसून भरावा.