प्लूटोचा दर्जा आणि पालघरचा जिल्हा

१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर हा नवा जिल्हा झाला. आदल्या दिवशी ठाणे जिल्ह्यात असलेले बोईसर-तारापूर एका रात्रीत पालघर जिल्ह्यात आले! पण म्हणून तारापूरचा किल्ला तसूभरही सरकला नाही. बदलली ती फक्त वर्गवारी.

"सर, २००६ साली प्लूटोला ग्रहांतून का काढले? तो लहान झाला का?" हा प्रश्न आमच्या पालघरच्या वर्गात हमखास येतो. प्लूटो मुळीच बदललेला नाही. त्याचा व्यास सुमारे २,३७७ किलोमीटर आहे, तेवढाच तो पूर्वीही होता.

मग झाले काय? २४ ऑगस्ट २००६ रोजी आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने ग्रहासाठी तीन अटी ठरवल्या. त्याने सूर्याभोवती फिरावे, स्वतःच्या गुरुत्वाकर्षणाने तो जवळजवळ गोल झालेला असावा आणि आपल्या कक्षेच्या परिसरात त्याचेच वर्चस्व असावे. प्लूटो पहिल्या दोन अटी पाळतो; परंतु नेपच्यूनपलीकडच्या असंख्य बर्फाळ गोलकांच्या गर्दीत तिसरी पाळू शकत नाही. म्हणून तो 'बटुग्रह' ठरला. गंमत अशी, की १८०१ साली सापडलेला आणि पुढे लघुग्रहांत गणला गेलेला सेरेस याच नियमाने बढती मिळून बटुग्रह झाला! एरिस, हौमिया आणि माकेमाके हे आणखी तीन मान्यताप्राप्त बटुग्रह.

नुसत्या आकारावरून दर्जा ठरत नाही. गॅनिमीडचा व्यास ५,२६८ किलोमीटर, तर बुधाचा ४,८८० किलोमीटर. तरीही गॅनिमीड गुरूभोवती फिरतो, म्हणून तो उपग्रहच.

आता नावांचे पाहू. बारसे होईपर्यंत आपण मुलाला 'बाळ' म्हणतो ना? तसेच एरिसचे तात्पुरते नाव '२००३ यूबी ३१३' होते. नावांनाही संकेत असतात. युरेनसच्या उपग्रहांना शेक्सपिअर आणि पोप यांच्या साहित्यातील पात्रांची नावे देतात.

हे काम फक्त मोठ्यांचेच, असे मात्र समजू नका. १९३० साली 'प्लूटो' हे नाव इंग्लंडमधल्या व्हेनिशिया बर्नी या अकरा वर्षांच्या मुलीने सुचवले. २०१९ साली एका दूरच्या ताऱ्याच्या ग्रहासाठी भारतातून नावे मागवली गेली, तेव्हा पुण्याच्या तेरा वर्षांच्या विद्यार्थ्याने सुचवलेले 'संतमस' हे संस्कृत नाव स्वीकारले गेले.

दर्जा नियमाने ठरतो आणि नाव माणसे देतात. आकाशातला गोल मात्र आपल्या वाटेने फिरतच राहतो.