रंगभवनच्या भिंतीबाहेर

महिन्याचा दुसरा रविवार आला की आमच्या घरी माळ्यावरचे मोठे पातेले खाली उतरते. चारच्या सुमाराला मंडळी जमतात. एके काळी आम्ही सातजण होतो, आता चौघे उरलो आहोत. बैठकीचा नियम एकच. प्रत्येकाने एक आवडती ध्वनिमुद्रिका आणायची आणि प्रत्यक्ष ऐकलेल्या मैफलीची एक आठवण सांगायची. संगीत मात्र जॅझ. आमच्या सौ. या जमावाला 'पिपाणी मंडळ' म्हणतात. पण भजी तळण्यात त्यांनी कधी खंड पडू दिलेला नाही.

गिरगावच्या चाळीत वाढलेल्या आणि बँकेत खातेवह्या ओढलेल्या माणसाला हे वेड लागले कसे, असे पुष्कळजण विचारतात. खरे तर जॅझ आपल्या घरात फार पूर्वीच शिरले आहे. सी. रामचंद्रांचा 'अलबेला' (१९५१) आठवा. त्यात आपल्या वाद्यवृंदासह पडद्यावर दिसणारा चिक चॉकलेट म्हणजे गोव्याचा अंतोनियो झेवियर वाझ. त्याला हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. रात्री हॉटेलांत आणि दिवसा स्टुडिओत वाजवणाऱ्या अशा गोवेकर वादकांनी आपल्या चित्रपटसंगीताला केवढे तरी दिले. आपण गाणी पाठ केली, वादकांची नावे तेवढी राहून गेली.

आणि ज्याचा कान बैठकीच्या गाण्यावर तयार झाला आहे, त्याला जॅझ अगदीच परके वाटत नाही. बंदिशीसारखी एक धून असते. ती सगळ्यांनी मिळून मांडायची, मग एकेकाने तिच्या अंगाने आपल्या मनचे वाजवायचे आणि शेवटी पुन्हा धुनेवर यायचे. तेच गाणे दोन रात्री सारखे होत नाही. म्हणून तर 'त्या रात्री तू होतास का?' हा प्रश्न आम्हा लोकांत एवढा महत्त्वाचा.

आमच्यातले सर्वांत वडील म्हणजे एक निवृत्त प्राध्यापक. १९५८ साली डेव्ह ब्रूबेक मुंबईत आला होता, तेव्हा ते कॉलेजात होते. त्याची 'टाइम आउट' ही तबकडी पुढच्याच वर्षीची. तीत पाच मात्रांचे 'टेक फाइव्ह' आहे. ते लागले की सर बोटांवर पाच मोजतात आणि अमेरिकेला ताल आपण शिकवला, असे दरवेळी सांगतात. शाळेतून निवृत्त झालेल्या आमच्या बाई एला फिट्झगेराल्डच्या. १३ फेब्रुवारी १९६० रोजी बर्लिनच्या मैफलीत एला भर गाण्यात शब्द विसरली. ती थांबली नाही. विसरल्याचेच शब्द जुळवत गात राहिली आणि त्याच गाण्याला ग्रॅमी पारितोषिक मिळाले. "पोरांना पाठांतर घेताना मी हे कधी सांगितलं नाही," असे म्हणून बाई हसतात. चौथे आमचे पारशी मित्र. काळा घोड्याचे 'ऱ्हिदम हाउस' २०१६ साली बंद झाले, तेव्हा घरचे माणूस गेल्यासारखे ते आठवडाभर गप्प होते.

माझी आठवण सोनी रोलिन्सची. १९७८ च्या फेब्रुवारीत निरंजन झवेरी आणि त्यांच्या 'जॅझ इंडिया' या संस्थेने मुंबईत पहिली जॅझ यात्रा भरवली, धोबी तलावाच्या रंगभवनात. रोलिन्स तिचा मुख्य पाहुणा. या माणसाने नाव ऐन भरात असताना, १९५९ मध्ये, रंगमंच सोडला होता आणि दोन वर्षे न्यूयॉर्कच्या एका पुलावर उभे राहून रियाज केला होता. पुढे तो आपल्या पवईच्या आश्रमात येऊन योग आणि वेदान्तही शिकून गेला. मी तेव्हा वीस वर्षांचा. रात्री उशिरा 'व्हॉइस ऑफ अमेरिका'वर विलिस कोनोव्हरचा कार्यक्रम रेडिओला कान लावून ऐकणारा.

दुसऱ्या वर्षी मी बँकेत चिकटलो. आमचे हेड कॅशियर गोव्याचे. शाखेत सगळे त्यांना अंकल म्हणत. नोटा मोजताना ते स्पंजवर बोट ओले करत आणि दर दुसऱ्या नोटेला अंगठ्याने किंचित जोर देत. तो ठेका मी ओळखला. डबा खाताना धीर करून म्हणालो, "अंकल, हा तर जॅझचा ठेका." त्यांनी चष्म्यावरून पाहिले. "ऐकतोस?" मी सांगून टाकले, "गेल्या वर्षी रोलिन्सला ऐकलं. पाचव्या रांगेत होतो."

त्या वाक्याने मला या मंडळात आणले. नंतर चाळीसहून अधिक वर्षे मी ती आठवण सांगत आलो. सगळे वादक थांबल्यावर एकट्या सॅक्सोफोनने धून कशी मोडली, उलटीसुलटी केली आणि पुन्हा जागेवर आणून ठेवली, हे मी रंगवून सांगत असे. त्यातला सॅक्सोफोन खरा. पाचवी रांग खोटी.

अंकलची तबकडी ठरलेली होती, 'एलिंग्टन अॅट न्यूपोर्ट'. ७ जुलै १९५६ ची रात्र. बारा वाजत आलेले, लोक उठू लागलेले. तेवढ्यात ड्यूक एलिंग्टनने एक जुनी रचना काढली आणि मधल्या जागेत पॉल गोन्साल्विसला सोडले. त्याने बारा-बारा मात्राखंडांची २७ आवर्तने सलग वाजवली. म्हणजे ३२४ खंड. ही माझी बँकेतली खोड. निघालेले लोक परतले, खुर्च्यांवर चढले, नाचू लागले. आडनावावरून अंकल त्याला गोव्याचाच समजत. त्याचे आईवडील केप व्हर्दचे, हे आम्ही सांगून पाहिले. "पोर्तुगीज आमच्याकडे पण होते ना? मग झालं," असे त्यांचे उत्तर. १९६३ साली एलिंग्टनचा वाद्यवृंद मुंबईत आला, तेव्हा त्यांनी गोन्साल्विसला डोळ्यांनी पाहिले होते.

१९९९ मध्ये त्या मैफलीची नवी आवृत्ती निघाली आणि भांडे फुटले. जुन्या तबकडीतला बराचसा भाग दोन दिवसांनी स्टुडिओत पुन्हा वाजवून घेतलेला होता. टाळ्या वरून जोडलेल्या. गोन्साल्विसचे वादन मात्र खरे, त्याच रात्रीचे. पण तो कंपनीच्या मायक्रोफोनपुढे उभाच नव्हता. शेजारच्या 'व्हॉइस ऑफ अमेरिका'च्या मायक्रोफोनवर तो वाजवत होता. म्हणून ४३ वर्षे तो तबकडीवर लांबून आल्यासारखा ऐकू येत होता. रेडिओची ती फीत सापडली, दोन्ही मुद्रणे जुळवली आणि गोन्साल्विस पुढे आला.

पारशी मित्राने ती जोडसीडी आणली तेव्हा आम्ही सहाजण होतो. प्राध्यापक चिडले. "इतकी वर्षं फसवलं म्हणायचं आपल्याला!" अंकल डोळे मिटून ऐकत राहिले. संध्याकाळी मी त्यांना स्टेशनवर सोडायला निघालो. वाटेत विचारले, "तुम्हाला राग नाही आला?"

"कसला? वाजवणारा तिथेच होता. माइक चुकला." थोडे चालून म्हणाले, "तुझंही तसंच आहे. रंगभवनचं."

माझे पाय जड झाले.

"तू दर वेळी काय ऐकलं ते सांगतोस. काय बघितलं ते एकदा पण नाही. बाहेर होतास ना?"

"तिकिटाला पैसे नव्हते, अंकल. भिंतीला लागून रस्त्यावर उभा होतो."

ते हसले नाहीत. म्हणाले, "माझा बाप ताजच्या किचनमध्ये होता. १९३५ साली लिऑन अॅबीचा बँड आला, अमेरिकेतला, सगळे काळे वादक. वेटर आत-बाहेर करायचे तसं दार हलायचं. उघडलं की बँड, मिटलं की भांडी. बाप घरी येऊन गाणी तशीच गाऊन दाखवायचा, मधे मधे तोडून. मला किती वर्षं वाटायचं, जॅझ असंच असतं."

गाडी आली. अंकलनी ही गोष्ट कोणालाही सांगितली नाही. २००९ मध्ये ते गेले आणि त्यांची जुनी तबकडी माझ्याकडे आली. रंगभवन तर त्याआधीच गप्प झाले होते. आसपास रुग्णालये आणि कॉलेज, त्यामुळे शांतता क्षेत्राच्या नियमाने तिथल्या मैफली थांबल्या. आवाज भिंतीबाहेर जातो, ही तक्रार. मला ती नाकारता येईना. त्याच आवाजावर मी वाढलो होतो. तरीही दर बैठकीला मी मुकाट पाचव्या रांगेत जाऊन बसत राहिलो. एकदा चुकीच्या खात्यात पडलेली नोंद वर्षानुवर्षे पुढे ओढावी, तसे ते झाले होते.

गेल्या महिन्यात प्राध्यापकांची नात त्यांना सोबत म्हणून आली होती. कॉलेजातली पोर. कोणतेही नाव सांगा, तिच्या फोनवर ते क्षणात वाजते. माझी आठवण संपली आणि तिने सहज विचारले, "आजोबा, रोलिन्स स्टेजवर दिसायचा कसा?"

एवढ्या वर्षांत हे कोणी विचारले नव्हते. अंकलची खुर्ची रिकामी होती. मी म्हणालो, "मी बघितला नाही गं. मी भिंतीबाहेर होतो."

खोलीत शांतता पसरली. पारशी मित्राने चहाचा कप खाली ठेवला. "मग ती पाचवी रांग?" बाईंनी विचारले, शाळेतल्या आवाजात.

"नव्हती," मी म्हणालो.

सर काही बोलणार, एवढ्यात नात पुढे सरकली. "पण मग बाहेर ऐकू कसं येत होतं?"

तेव्हा मी तिला सांगितले. सोबत एक शेंगदाणेवाला होता. एका टॅक्सीवाल्याने गाडी कडेला घेऊन इंजिन बंद केले होते. सॅक्सोफोन भिंतीवरून यायचा, मधेच बस जायची, आणि बस गेल्यावर धून कुठवर पोहोचली असेल ते आम्ही तिघे आपापल्या मनाने जुळवून घ्यायचो. बसच्या आवाजात जेवढे गेले तेवढे गेले. उरलेले मी तिला गुणगुणून दाखवले, मधे मधे तोडून.